‘स्वीकारते’ आणि ‘स्वीकारीन’

इ.स. 1469 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील रिचर्ड कॅल नावाच्या कारभाऱ्याने मार्जरी पॅस्टन या तरुणीला एक पत्र लिहिले. ईश्वरासमोर आपली खरी पत्नी असलेली, असे तिला संबोधून तो म्हणतो की, आपण शेवटचे बोललो त्याला जणू हजार वर्षे लोटली आहेत. आणि वाचून होताच हे पत्र जाळून टाक, अशी विनवणीही करतो. ते पत्र जळले नाही. पॅस्टन घराण्याच्या हजारावर पत्रांमध्ये ते आजही आहे, आणि परक्याचे खासगी पत्र वाचताना जो संकोच वाटावा तो मला ते प्रत्येक वेळी वाचताना वाटतो.

मध्ययुगीन युरोपात स्त्रीपुरुषांचे खासगी आयुष्य कसे होते, याचा विचार करताना आपण बहुधा धर्मगुरूंच्या उपदेशांकडे आणि निषेधांकडे वळतो. ते निषेध खरेच होते. उपवासाच्या चाळीस दिवसांत, रविवारी, मोठ्या सणांच्या आधी पतिपत्नींनीही दूर राहावे, असे प्रायश्चित्ताच्या ग्रंथांत सांगितलेले असे. परंतु त्याच चर्चने विवाहाचा जो कायदा घडवला, त्याने दोन सामान्य माणसांच्या हाती विलक्षण सामर्थ्य दिले होते, आणि मला ती गोष्ट त्या सगळ्या निषेधांपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

बाराव्या शतकात, विशेषतः पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या कारकिर्दीत (1159 ते 1181), हा नियम पक्का झाला की विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने आणि केवळ संमतीने. ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’, ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ एवढे शब्द वर्तमानकाळात उच्चारले गेले की विवाह झाला. पुरोहित नको, साक्षीदार नकोत, आईवडिलांची परवानगीही नको. तेच शब्द ‘स्वीकारीन’ असे भविष्यकाळी असतील तर तो फक्त वाङ्निश्चय ठरे. मात्र त्यानंतर दोघांचा शरीरसंबंध आला तर त्या वाङ्निश्चयाचाही विवाह होई. आपल्याकडील वाचकाला येथे गांधर्वविवाह आठवेल, पण युरोपातील हा प्रकार काव्यनाटकांपुरता नव्हता. शेतमजूर, चाकरमाणसे, कारागीर यांच्यात तो नित्याचा होता. शेतात, स्वयंपाकघरात, रस्त्याच्या कडेला लोक असे विवाह करीत, आणि नंतर एकाने ते नाकारले की दुसरे माणूस चर्चच्या न्यायालयात जाई. तेथे वाद असे तो क्रियापदाच्या काळाचा. 1215 च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, विवाहाची आगाऊ जाहीर घोषणा आवश्यक ठरवली आणि गुप्त विवाह करणाऱ्यांना दोषीही ठरवले, तरी तो विवाह रद्द होत नसे. पुरोहित आणि साक्षीदार नसतील तर विवाहच नाही, हा नियम रोमन चर्चने 1563 साली केला.

पॅस्टन घराण्यावर हा कायदा वीज कोसळावी तसा कोसळला. मार्जरीने घराण्याच्याच कारभाऱ्याशी, कॅलशी, असे शब्द उच्चारून गुप्तपणे विवाह केला होता. मार्जरीचे पणजोबा साधे नांगर धरणारे शेतकरी होते. आजोबा न्यायाधीश झाले, जमीनजुमला आला, आणि मग कारभाऱ्याशी सोयरीक ही अब्रूची गोष्ट झाली. कॅलच्या नातलगांचा व्यवसाय दुकानदारीचा. मार्जरीच्या भावाने मोठ्या भावाला लिहून कळवले की, वडील हयात असते, त्यांनी, आईने आणि तुम्ही संमती दिली असती, तरी माझ्या बहिणीने फ्रॅमलिंगहॅममध्ये मेणबत्त्या आणि मोहरी विकावी याला मी कधीच राजी झालो नसतो.

सप्टेंबरमध्ये नॉरिचच्या बिशपांनी मार्जरीला बोलावून घेतले. त्यांनी तिला तिच्या कुळाची आणि आप्तांची आठवण करून दिली, आणि मग नेमके कोणते शब्द उच्चारलेस ते सांग, असे विचारले. तिने ते सांगितले. एवढ्या शब्दांनी विवाह पक्का झाला नसेल, तर येथून जाण्यापूर्वी मी तो पक्का करते, असेही तिने निर्भयपणे सुनावले. नंतर कॅलला वेगळे बोलावून विचारण्यात आले. शब्द, वेळ, स्थळ, सगळे जुळले. हे सर्व आपल्याला कळते ते मार्जरीच्या आईच्या, मार्गारेट पॅस्टन यांच्या, संतापाने भरलेल्या पत्रातून. मुलीचे धैर्य त्या लपवू शकल्या नाहीत, याचे मला फार अप्रूप वाटते. मार्जरी परत आली तेव्हा आईच्या आज्ञेवरून घराचे दार तिच्यासाठी बंद झाले होते. आपण गमावले ते एक टाकाऊ माणूस, मनाला लावून घेऊ नकोस, असे मार्गारेट यांनी थोरल्या मुलाला लिहिले. विवाह मात्र टिकला. कॅल पुढे पॅस्टनांच्या कारभारातही परतला. घरच्या पत्रांत मार्जरी जवळजवळ दिसत नाही. 1482 च्या आपल्या मृत्युपत्रात मार्गारेट यांनी मार्जरीच्या थोरल्या मुलासाठी 20 पौंड ठेवले.

ज्या कायद्याने मार्जरीला तारले, त्याच कायद्याची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. विवाह झाल्यावर पतिपत्नींचे देह एकमेकांचे देणे लागतात, असे संत पॉल यांच्या वचनाच्या आधारे मानले जाई. हे देणे दोघांवर सारखेच होते आणि पत्नीलाही ते मागण्याचा हक्क होता, ही त्यातील समता लहान नाही. परंतु ज्याला ते नको असेल त्याच्या नकाराला जागा नव्हती, आणि व्यवहारात तो भार कोणावर पडत असेल ते सांगायला नको. एकट्याने ब्रह्मचर्याचे व्रत घेण्याचीही सोय नव्हती. त्याला जोडीदाराची संमती लागे.

नॉरफोकच्याच लिन शहरातील मार्जरी केंप या चौदा मुलांच्या आईने हे फार जवळून अनुभवले. तिने 1430 च्या दशकात दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेल्या आत्मकथेचे हस्तलिखित 1934 साली सापडले. ईश्वरभक्तीकडे वळल्यावर तिला शय्या नकोशी झाली, तरी पतीचा हक्क तिने मान्यच केला होता. 1413 च्या जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, रणरणत्या उन्हात ती दोघे यॉर्ककडून येत होती. तिच्या हातात बिअरची बाटली होती, पती जॉनने पोळीसारखा केक छातीशी धरला होता. तू माझ्याशी रत झाली नाहीस तर माझे मस्तक उडवण्याची धमकी देत कोणी तलवार घेऊन आला, तर तू काय करशील, असे जॉनने विचारले. तुमचा वध झालेला मला चालेल, असे ती म्हणाली. तू चांगली बायको नाहीस, असे तो म्हणाला. मग रस्त्यातच त्यांची बोलणी झाली: त्याने तिच्या शय्येपासून दूर राहावे, तिने त्याचे कर्ज फेडावे आणि शुक्रवारचा उपवास सोडून त्याच्यासोबत जेवावे. एका क्रुसाखाली गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली आणि मग ती दोघे आनंदाने जेवली.

पुढे ती वेगळी राहू लागली. म्हातारपणी जॉन जिन्यावरून पडला, डोक्याला मोठी जखम झाली, बुद्धी लहान मुलासारखी झाली आणि मलमूत्राचे भान राहिले नाही. तिने त्याला आपल्याजवळ आणले. कपडे धुण्यात आणि सरपण जाळण्यात तिचे दिवस जात, प्रार्थनेला वेळ उरत नसे, आणि ती कष्टांनी थकून जाई. तरुणपणी याच देहाची आपल्याला किती ओढ होती, हे आठवून तिने तो भार स्वीकारला आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली.