तुम्ही विचारलंत म्हणून: पाळक एकत्र बसून करतात तरी काय?

सोलापुरात मी पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) धर्मगुरू, आहे हे कळले की हा प्रश्न फार दूर नसतो: तुमचा ख्रिस्त एक, बायबल एक, मग मंडळ्या इतक्या का, आणि या निरनिराळ्या मंडळ्यांचे पाळक महिन्यातून एकदा एकत्र बसून करतात तरी काय? शेजारी कुतूहलाने विचारतात; आमच्या मंडळीतली तरुण मुले जरा दुखावल्या स्वरात विचारतात, आणि त्यांचे दुखावणे मला रास्त वाटते.

आमच्यातले पुष्कळ भेद आमच्या वाडवडिलांनी निवडलेलेच नव्हते. मिशन संस्था आपापला मुलूख ठरवून काम करीत. नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, जालन्याकडे स्कॉटिश मिशन. ज्यांतून हे पंथ फुटले त्या युरोपातल्या १६व्या-१७व्या शतकांतल्या वादांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांची मंडळी आजोबांचे गाव कोणते यावर ठरून गेली. हे ओझे उतरवण्याचा मोठा प्रयत्न २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाला. त्या दिवशी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. वाटाघाटींत असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळी थांबली. त्या ऐक्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने मंडळीत घेण्याच्या विधीचा, प्रश्न त्यांनी दडपला नाही: बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच तो देणारे, दोघेही एकाच मंडळीत राहिले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या.

आमची पाळकांची सहभागिता, म्हणजे ही महिन्याची एकत्र बैठक, याहून पुष्कळ लहान आहे. आम्ही मंडळ्यांचे विलीनीकरण करायला निघालेलो नाही. तो अधिकारही आमचा नाही. आमच्यात कॅथलिक फादर आहेत, पेन्टेकॉस्टल बंधू आहेत, तेलुगू आणि कन्नड उपासना चालवणारे आहेत. आम्ही एकमेकांसाठी प्रार्थना करतो, आणि एक शिस्त कसोशीने पाळतो: दुसऱ्या मंडळीतले कुटुंब आपल्याकडे आले, तर आधीच्या पाळकांशी बोलल्याशिवाय त्यांचे नाव आपल्या वहीत घालायचे नाही. बाहेरच्याला ही किरकोळ बाब वाटेल. परंतु मंडळ्यांमधली जितकी कटुता मी पाहिली, तिच्यातली बरीचशी शिकवणुकीच्या मतभेदांतून आलेली नव्हती, माणसे पळवल्याच्या रागातून आलेली होती.

दोन वर्षांपूर्वी एका वृद्ध गिरणी कामगाराच्या विधवेचे निधन झाले. तिचा थोरला मुलगा कॅथलिक, धाकटा पेन्टेकॉस्टल, आणि ती स्वतः अखेरपर्यंत माझ्या मंडळीत. दफनविधी कोणी करायचा यावरून घरात रात्रभर वाद झाला. पहाटे मी दोन फोन केले. कबरीपाशी फादरांनी प्रार्थना केली, पेन्टेकॉस्टल पाळकबंधूंनी तिच्या माहेरच्या तेलुगू भाषेत गीत म्हटले, मी वचन वाचले, आणि दोन्ही भावांनी एकाच घमेल्यातून मूठमूठ माती घातली. ते दोन फोन करताना मला संकोच वाटला नाही, कारण त्या दोघांबरोबर मी वर्षानुवर्षे गुडघे टेकले होते. आम्ही काय करतो, याचे माझे उत्तर एवढेच आहे.

परंतु हे उत्तर अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १८ ते २५ जानेवारी या दिवसांत जगात बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना होते. ही प्रथा १९०८पासून चालत आली आहे. सोलापुरात तेव्हा होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असते, म्हणून गर्दी टाळून आम्ही वेळ ठरवतो. त्या सायंकाळी योहानाच्या सतराव्या अध्यायातली “त्या सर्वांनी एक व्हावे” ही येशूची प्रार्थना वाचली जाते. मग सगळे एका पंगतीला बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खातात. मात्र प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, मेजाशी आम्ही अजून एकत्र येऊ शकत नाही, कारण त्या भाकरीविषयी आणि ती देण्याच्या अधिकाराविषयी आमच्या मंडळ्यांची शिकवण वेगळी आहे. गेल्या वर्षी एका रविवारी फादर आमच्या उपासनेला आले होते. भाकरीचे ताट घेऊन मी त्यांच्या बाकापाशी पोहोचलो, तेव्हा त्यांनी हात जोडले, मान लववली आणि डोळे मिटले. मी ताट पुढे नेले. उपासना संपल्यावर आम्ही दोघे बराच वेळ त्याच बाकावर बसून होतो, आणि पुढच्या महिन्याची बैठक कोणाकडे घ्यायची ते ठरवून उठलो.