तेरडा, तोही कुंडीत

फोडणीत जाता जाता वाचला तो. मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेले, लॅपटॉपची बॅटरी संपलेली, म्हणजे ऑफिसला आपोआप सुट्टी, म्हणून ड्रॉवर आवरायला काढला. प्रत्येक घरात असतो तसला, रबरबँड, मेलेले सेल, कुठल्या कुलपाच्या ते देवालाही माहीत नसलेल्या किल्ल्या. त्यात एका लग्नपत्रिकेचं पाकीट निघालं, तोंड सेलोटेपनं चिकटवलेलं आणि वर आईच्या अक्षरात नुसतं 'ते.' एवढंच. हलवलं तर खुळखुळ वाजलं. हातावर ओतलं तर काळपट चॉकलेटी बारीक दाणे. मोहरी! आई पाकिटातून मोहरी कशाला देईल असा प्रश्न मला पडला नाही, कारण आमची आई पुण्याला येणाऱ्या कुणाहीबरोबर काहीही पाठवते, एकदा शहाळी पाठवली होती. मोहरीचा डबा उघडलाही होता, पण वास घेतला तर मोहरीचा नाही, म्हणून फोन लावला.

"अगं तेरडा तो. तूच मागितलास ना गणपतीत."

मागितला होता खरा. गेल्या गौरीला मंडईत तेरड्याची सुकलेली जुडी तीस रुपयाला घेतली आणि मला इतकं वाईट वाटलं की आईजवळ बोलून गेले, मी घरीच लावते पुढच्या वर्षी. आईनं तेव्हा मान डोलावली होती. आता मात्र तिला कुंडीचा साक्षात्कार झाला.

"पण लावणार कुठे? कुंडीत? वेडी का गं तू? इथे परड्यातला उपटून उपटून कंबर मोडली माझी."

तिचंही बरोबर आहे म्हणा. तेरडा कुणी लावत नाही, तेरडा येतो. आमचं गाव चिपळूणकडचं. पहिला पाऊस पडून गेला की आठवड्याभरात गडग्याच्या कडेला, वाटेच्या दरडीवर, शेणखळीशेजारी दोन दोन पानं टेकवून बसलेला असतो, आषाढभर त्याच्याकडे कुणी बघत नाही, गुरंसुद्धा फारसं तोंड लावत नाहीत, आणि श्रावण सरता सरता बघावं तर आख्खा उतार गुलाबी. जिथे मोकळं ऊन आणि डोक्यावर झाड नाही तिथे कमरेएवढा, बुंध्यातून बाजूच्या फांद्या फुटलेला, जाडजूड. कलमांच्या सावलीत उगवलेला मात्र नुसताच लांबुडका. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं होतं, पण बघितलेलं आणि कळलेलं ह्यात फरक असतो.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर पेरला. आई म्हणाली होती, मातीवर फेक आणि विसर. मी कुठली विसरते, मी यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले, कोकोपीट आणलं, गांडूळखत आणलं, बारा इंची कुंडी आणली. आठवड्याच्या आत अकरा रोपं. खरं तर एका कुंडीत तीन ठेवून बाकीची काढायला हवीत, पण ज्याला आई पोत्यानं उपटून टाकते त्याचं एक रोप उपटताना माझा हात थरथरतोय, आता काय सांगायचं कुणाला. अकराच्या अकरा ठेवली.

आणि मग सुरू झाला उन्हाचा खेळ. आमची बाल्कनी पूर्वेची, ऊन आठला येतं आणि पावणेअकराला समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे जातं. रोपं सगळी एका बाजूला कलून, लग्नाच्या पंगतीत श्रीखंड कुठवर आलं बघणाऱ्या माणसांसारखी माना काढून उभी. दांडा फूटभर आणि पानं सात. मग मी कुंडी फिरवायला लागले. सकाळी बाल्कनी, अकरानंतर बेडरूमच्या खिडकीचं ग्रील, आणि दुपारी थेट टेरेस. टेरेसची किल्ली वॉचमनकाकांकडे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय मॅडम, तुळस का?" म्हटलं नाही, तेरडा. ते सातारकडचे, त्यांनी एकदा कुंडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, किल्ली दिली आणि काही बोलले नाहीत. लिफ्टमध्ये तर मी लोकांना झाडाचं नाव 'बाल्सम' सांगायला लागले होते. बाल्सम म्हटलं की "अरे वा!" तेरडा म्हटलं की शांतता.

बरं, ऊन पाहिजे म्हणून टेरेसवर न्यावं तर भर दुपारी हे महाराज मान टाकणार. दांडा म्हणजे नुसता पाण्याचा नळा असतो हो, उजेडासमोर धरला तर आरपार दिसतो. पाणी जरा कमी पडलं की सगळी पानं खाली, बघणाऱ्याला वाटावं गेलं झाड. मी घाबरून मग ओतलं की संध्याकाळपर्यंत परत ताठ, जसं काही झालंच नाही. लेक त्याला ड्रामा क्वीन म्हणते. आणि पाणी साचू दिलं तर मुळं कुजतात, म्हणजे तेही चालत नाही. गावाला चार महिने धो धो पाऊस पडतो तो त्याला चालतो, कारण उतारावर पाणी थांबतच नाही. खत जास्त झालं तर नुसता पाला. हे खताचं मला उशिरा कळलं. दरडीवरच्या भुकेल्या मातीत वाढलेल्या झाडाला मी गांडूळखताचा पाहुणचार करत होते.

मध्येच एका सकाळी दोन रोपांना पानंच नाहीत. खाली बघितलं तर बोटाएवढी काळसर अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके ओळीनं, आणि शेपटीला एक काटा, चालताना तो काटा पुढे-मागे हलतो. ही मोठी होऊन पतंग होते, आणि तेरडा तिच्या आवडीचा. लेकीनं तिचं नाव ठेवलं. नाव ठेवल्यावर मारता येत नाही. चौथ्या दिवशी ती आपणहून कुठेतरी गेली, आणि खरं सांगते, रोपं आता नऊच राहिल्यामुळे जास्त जोरात वाढायला लागली. म्हणजे जे मला जमत नव्हतं ते अळीनं करून टाकलं.

ह्याच दिवसांत लीड्सला असलेल्या मावसभावानं फोटो पाठवला, नदीकाठी डोक्याच्याही वर गेलेलं गुलाबी जंगल, खाली लिहिलेलं, 'तुझा तेरडा बघ'. तेरडा नव्हे तो, त्याचा हिमालयातला भाऊबंद. 1839 साली तो तिकडे बागेत लावायला म्हणून नेला आणि बागेतून जो निसटला तो आता नद्याच्या नद्या व्यापून बसलाय. शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं म्हणे. तिकडे रविवारी लोक जमून तो उपटायला जातात, रानात लावणं तर बेकायदेशीरच आहे. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघ! साहेबालासुद्धा कंबर मोडेपर्यंत उपटावाच लागतो." फार खूश झाली ती त्या दिवशी.

पहिलं फूल आलं गणपतीच्या चार दिवस आधी. आणि आता माझ्या एका जुन्या भांडणाकडे येते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण मला लहानपणापासून आवडत नाही. कुणी नवीन जिम लावली की तेरड्याचा रंग, कुणाचं नवं लग्न की तेरड्याचा रंग, डाएट केलं, डायरी लिहायला घेतली, लगेच हा बिचारा मध्ये. अरे, महिना दीड महिना फुलत असतं ते झाड! दुसऱ्या कुठल्या फुलाची अशी बदनामी केलीय आपण? मोगरा एका रात्रीत पिवळा पडतो, त्याच्यावर गाणी. तर म्हटलं, आता झाड घरात आहे, एकदाचा निकाल लावू. एका फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला आणि वहीत तारीख लिहिली. फूल जवळून बघायची ती पहिलीच वेळ. मागे वाकडी शेपटी, त्यात मध. पुढे मध्यभागी पुंकेसरांची एक टोपी असते, ती आधी गळून पडते आणि मग खालचा स्त्रीकेसर उघडा होतो. म्हणजे एकच फूल आधी नर आणि मग मादी, आणि हे सगळं उरकायचं किती वेळात? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी घालायला गेले तर दोरा बांधलेलं फूल फरशीवर.

म्हण बरोबर निघाली. वहीत पुढे काही लिहिलं नाही.

पण गौरीही तीन दिवसांचीच की. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठाला जेवते, मुळावर जाते. माझं आपलं असं मत आहे, त्याला पुरावा काहीही नाही, की म्हण तिथूनच आली असणार. कारण आमच्याकडे गौर म्हणजे तेरडाच. मुखवटा नंतर, साडी नंतर, आधी तेरड्याची जुडी, ती मुळासकट, कारण मुळं म्हणजे तिची पावलं. ती आणायला जायची आमची आत्या. माहेरवाशिणीनंच आणायची असा आमच्या घरचा रिवाज. पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, मुळं धुवून, जुडी सुपात घेऊन, तोंडात पाण्याची चूळ धरून घरापर्यंत यायचं, वाटेत बोलायचं नाही. आणि आम्ही पाच-सहा पोरं बाजूनं तिला हसवायला. तोंडं वेडावायची, खोटं खोटं घसरून पडायचं, एकदा चुलतभाऊ खरंच शेणात पडला आणि आत्याच्या तोंडातून जो फवारा उडाला तो थेट आजोबांच्या धोतरावर. परत पऱ्ह्यावर पाठवलं तिला आजीनं. दुसऱ्या वेळी ती आमच्याकडे न बघता आली, पण खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं, सगळ्या बायका ओवशाच्या, म्हणजे गौरीला वाहायच्या, सुपांत गुंतलेल्या, आणि आत्या आम्हा पोरींना मागच्या पडवीत घेऊन बसायची. तेरड्याच्या पाकळ्या, दोन पानं आणि तुरटीचा खडा असं पाट्यावर वाटायचं, आणि तो लगदा नखांवर ठेवून वर फडक्याच्या चिंध्या बांधायच्या. रात्रभर. सकाळी सोडलं की बोटं सुरकुतलेली आणि नखं केशरी. बोटांवरचा डाग चार दिवसांत जायचा, नखांवरचा जात नाही, नख वाढेल तसा पुढे पुढे सरकतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत बाई पट्टी घेऊन विचारायच्या, नेलपॉलिश कुणी लावलंय, आणि मी म्हणायचे, बाई तेरडा आहे, आणि बाईंना ते खोटं वाटायचं.

आत्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं जायची. गौर गेली की तीही गेली.

शेंगांचं राहिलंच. भाद्रपद संपताना त्या फुगतात, लवदार, छोट्या माशासारख्या, पिकली शेंग चिमटीत धरली की फट्. बी पसार आणि टरफल अळीसारखं वळून बोटाला चिकटतं. शाळेच्या वाटेवर आम्ही एकही सोडायचो नाही. लॅटिनमध्ये त्याला म्हणतात ते नावच मुळी 'उतावळा' अशा अर्थाचं आहे, 1753 पासून. ह्या वर्षी मी मोठ्या माणसासारखं बी धरायचं ठरवलं होतं, शेंगेला चहाच्या गाळणीचं कापड बांधायचं वगैरे. एक बांधली. मग दुसरी फोडून बघितली. मग तिसरी. मग मी आणि लेक अर्धा तास बाल्कनीत उभ्या राहून सगळ्या फोडल्या, बी खालच्यांच्या एसीवर टपटप वाजलं, आणि पाकिटात गेले ते जेमतेम वीस-बावीस दाणे.

त्याच्या आधी, गौरी गेल्या त्या रविवारी, मी उरलेली फुलं मिक्सरमधून काढली (पाटा नाही), तुरटी दुकानदारानं शोधून दिली, आणि लेकीला म्हटलं बोटं पुढे कर. मला वाटलं ती नाही म्हणेल, तेरा वर्षांची आहे. तर ती म्हणते, "आई, हे कोरियात करतात! पहिला बर्फ पडेपर्यंत रंग राहिला तर पहिलं प्रेम मिळतं." तिनं सिरियलमध्ये बघितलेलं. म्हटलं पुण्यात बर्फ पडत नाही, अभ्यास कर. पण चिंध्या बांधल्या.

वाटणी झाल्यापासून आत्या येत नाही. कुणी कुणाला काय बोललं ते मला नीट माहीत नाही, मी तेव्हा होस्टेलला होते, आणि आता विचारलं तर आई विषय बदलते. पऱ्ह्यावरून गौर आता काकू आणते.

काल लेकीची नखं कापताना बघितलं. मार्गशीर्ष लागला तरी करंगळीच्या टोकाला केशरी कोर आहे अजून. ते नख तेवढं ठेव म्हणाली, ठेवलं. आत्याचा नंबर आईकडे असेल. मागायला पाहिजे.