गेरूचा रंग आणि वार्तापत्राचा साचा

अंबाजोगाईतील आमच्या वाचनालयाचे मासिक वार्तापत्र तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. चार पानांचा, ए-४ आकाराचा, दोन स्तंभांचा हा अंक वर्डमधील तयार न्यूजलेटर टेम्प्लेटवर बेतलेला आहे. त्याची एकच प्रत रंगीत छापून फलकावर लावली जाते, वाचकांना देण्याच्या प्रती झेरॉक्स करून घेतल्या जातात आणि गावाबाहेर राहणाऱ्या सभासदांना पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. एकाच अंकाला अशा तीन रूपांत वाचकांपर्यंत जायचे असल्यामुळे रंगांचा आणि अक्षरांचा विचार मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याविषयी जे हाताशी आले ते येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

मूळ टेम्प्लेट निळ्या रंगाचे होते. आमच्या कार्यकारिणीला गेरूचा रंग हवा होता, कारण सणासुदीला घराच्या जोत्यावर ओढला जाणारा आणि अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रांतही दिसणारा तो रंग आपल्या भागातील प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ऑगस्टच्या अंकात मी एकेक मथळा निवडून त्याला गेरू रंग दिला. संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली, आणि तरीही फलकावर लागलेल्या प्रतीत तिसऱ्या पानावरील चौकटीची कडा निळीच राहिली होती. जुन्या अंकातून उचलून आणलेला ‘वाचकांची पत्रे’ हा मथळाही निळाच होता. ज्या मथळ्यांचा रंग बदलला होता, तेही जवळून पाहिल्यास सारखे नव्हते, कारण दोन बैठकींत दोन वेगळ्या छटा निवडल्या गेल्या होत्या.

या गोंधळाचे मूळ रंगांच्या खिडकीतच आहे. अक्षरांचा रंग बदलण्यासाठी जी खिडकी उघडते, तिच्या वरच्या भागात थीमचे, म्हणजे संपूर्ण फाइलसाठी एकत्र ठरवलेल्या संचाचे, रंग आणि त्यांच्या फिक्या-गडद छटा असतात, तर खाली स्टँडर्ड रंगांच्या दहा चौकोनांची एक ओळ असते. दोन्हीकडून निवडलेला रंग पडद्यावर सारखाच दिसू शकतो. पण वरच्या भागातून निवडलेला रंग थीमशी बांधलेला राहतो आणि थीम बदलली की आपोआप बदलतो, उलट खालच्या ओळीतील किंवा ‘मोअर कलर्स’मधून घेतलेला रंग जिथे लावला तिथे कायमचा चिकटतो. म्हणून हाताने रंगवलेला प्रत्येक मथळा पुढच्या बदलाच्या वेळी पुन्हा हातानेच रंगवावा लागतो.

थीममध्ये एकूण 12 रंग असतात: अक्षरे आणि पार्श्वभूमी यांसाठी चार, ‘ॲक्सेंट’ म्हणजे उठावासाठी सहा, आणि दुव्यांसाठी दोन. टेम्प्लेटमधील मथळे, रेघा, चौकटी यांनी आपापला ॲक्सेंट धरलेला असतो. डिझाइन या टॅबवर ‘कलर्स’मध्ये शेवटी ‘कस्टमाइझ कलर्स’ आहे. तेथे ॲक्सेंट 1 ला लाल 142, हिरवा 59, निळा 36 हे आकडे दिले, त्या संचाला ‘वाचनालय-गेरू’ असे नाव देऊन तो जतन केला, आणि हाताने न रंगवलेल्या मूळ टेम्प्लेटची चारही पाने एका क्षणात गेरूच्या रंगात आली. तिसऱ्या पानावरील चौकटीची कडासुद्धा.

दुसरा रंग हळदीचा घ्यावा, असे सर्वांना मनापासून वाटत होते, आणि पडद्यावर तो फारच देखणा दिसला. मात्र झेरॉक्स प्रत हातात घेतल्यावर रोज सकाळी येणाऱ्या एका ज्येष्ठ वाचकांनी मला थांबवले. ‘‘गुरुजी, हे छापलंय का पुसलंय?’’ असे त्यांनी विचारले. त्यांचे बोट ‘नवी पुस्तके’ या हळदी रंगातील मथळ्यावर होते. तो मथळा करड्या धुक्यासारखा झाला होता. पांढऱ्या पार्श्वभूमीवर साध्या आकाराच्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पार्श्वभूमीशी असलेला उजळपणातील फरक, किमान 4.5 : 1 असावा, असे वेबवरील सुगम्यतेचे निकष सांगतात, आणि छापील पानालाही हे माप लावून पाहण्यासारखे आहे. आमचा गेरू या मापाने सुमारे साडेसातास एक भरतो, तर हळद जेमतेम दोनास एक. तेव्हापासून हळद फक्त चौकटीच्या आतील पार्श्वभूमीला, तीही तिची सर्वांत फिकी छटा घेऊन, वापरली जाते आणि तिच्यावरील अक्षरे काळीच असतात. प्रत्येक नवा रंग ठरवण्यापूर्वी एका पानाची काळी-पांढरी छपाई काढून ती खिडकीच्या उजेडात पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

रंगांपेक्षा अधिक वेळ अक्षरांनी घेतला, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येतेच. मथळ्याच्या स्टाइलवर, म्हणजे सर्व मथळ्यांच्या रूपासाठी एकदाच ठरवून ठेवलेल्या नियमांवर, उजवी कळ दाबून ‘मॉडिफाय’ निवडले आणि अक्षरांचा आकार 16 वरून 20 केला, तरी देवनागरी मथळा तसूभरही हलला नाही. कारण वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो, आणि तिचा फाँट, ठळकपणा व आकार इंग्रजी अक्षरांपासून वेगळा ठेवतो. ‘मॉडिफाय’च्या खिडकीत खाली ‘फॉरमॅट’ आणि त्यात ‘फाँट’ उघडले की हा वेगळा भाग दिसतो. तो दिसत नसेल, तर ऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून घ्यावी लागते. तेथे मी मथळ्यासाठी ‘मुक्त’ हा फाँट ठळक स्वरूपात आणि आकार 20 असा ठरवला. मराठी वळणाचे ल आणि श ज्यांना हवे असतील, त्यांनी ‘टिरो देवनागरी मराठी’ अवश्य पाहावा. लांब लेखांच्या मजकुराला तो फार शोभतो. हे दोन्ही फाँट विनामूल्य आहेत.

त्यानंतर ‘पुस्तके’ या शब्दातील पु चा उकार खालून कापला गेलेला दिसला. टेम्प्लेटमध्ये त्या मथळ्याच्या ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ या प्रकारात बांधलेले होते. रोमन अक्षरांना ते पुरते, पण आपल्या लिपीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे जागा कमी पडते. तेथे ‘मल्टिपल’ करून 1.15 दिल्यावर उकार पूर्ण दिसू लागला. हा बदल स्टाइलमध्येच केल्यामुळे ‘ग्रंथदिंडी’ आणि ‘पुण्यतिथी’ हे पुढचे मथळेही सावरले गेले.

स्टाइलच्या त्याच खिडकीत ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ अशी एक चौकट आहे. ती मी रिकामीच ठेवतो, कारण तिथे खूण असली, तर एका मथळ्यात घाईने केलेला हातचा बदल सगळ्या मथळ्यांना लागतो. सभासद व्हॉट्सॲपवर पाठवतात तो मजकूर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवतो, आणि हातचा रंग कुठे शिरलाच, तर तो भाग निवडून कंट्रोल व स्पेसबार दाबला की तो निघून जातो.

सगळे जुळल्यावर फाइल ‘.dotx’ या प्रकारात, म्हणजे टेम्प्लेट म्हणून जतन केली. आता ती उघडली की दर महिन्याला नवा कोरा अंक मिळतो आणि मूळ साचा सुरक्षित राहतो. वाचनालयाच्या संगणकावर ‘मुक्त’ बसवलेला नव्हता, म्हणून ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात फाँट फाइलमध्ये समाविष्ट करण्याची खूण केली.

सप्टेंबरचा अंक मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा होता. 17 सप्टेंबर 1948 चे स्मरण असल्यामुळे पहिल्या पानावर स्वतंत्र चौकट होती आणि तिला हळदीऐवजी गडद हिरवा रंग द्यावा, असे कार्यकारिणीने आदल्या दिवशी ठरवले. मी रंगांच्या संचाची एक प्रत करून तिच्यातील ॲक्सेंट 2 बदलला आणि चौकटीला फिक्या छटेऐवजी तोच गडद रंग देऊन आतील अक्षरे पांढरी केली. मग एक पान काळे-पांढरे छापून खिडकीशी नेले. चौकटीतील अक्षरे स्वच्छ वाचता येत होती. रात्री साडेआठला अंक झेरॉक्सच्या दुकानात पोहोचला.