समिट अ‍ॅव्हेन्यू, बाबांसोबत

रविवार, ऑक्टोबर. सेंट पॉल, मिनेसोटा.

बाबांना थंडीत बाहेर काढायचं म्हणजे आधी कानटोपीवरून हुज्जत. शेवटी माझीच लोकरीची टोपी चढवून निघाले. कॅथीड्रलपाशी गाडी लावली. तिथून समिट अ‍ॅव्हेन्यू साडेचार मैल, थेट मिसिसिपीपर्यंत जातो. तेवढं चालायचा बेत अर्थातच नव्हता.

समोरच २४० नंबरला जेम्स हिलचं घर. तांबूस दगडाचं, १८९१ सालचं, ३६,००० चौरस फूट. २२ फायरप्लेस आणि १३ बाथरूम! हिल म्हणजे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा सर्वेसर्वा. १८९३ मध्ये त्याची लाइन सिएटलला पोचली. बाबांची उभी हयात दौंडला रेल्वेत गेली, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही पाच जण. त्यांनी घर खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "साहेबाचं क्वार्टर ऐसपैस आहे."

पुढे बुरूज, खांब, व्हरांडे. एकासारखं दुसरं नाही. ५९९ नंबरच्या घरात १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड आईवडिलांकडे राहून पहिली कादंबरी नव्याने लिहीत होता. बाबांना त्यात काही रस नव्हता.

त्यांचं लक्ष झाडांकडे. मलाही हा रस्ता झाडांसाठीच आवडतो, त्यांच्यामुळे या घरांचा माज जरा झाकला जातो. मात्र घरं सव्वाशे वर्षांची असली तरी झाडं तेवढी जुनी नाहीत. पूर्वी इथे एल्मची कमान होती. भुंगेऱ्यांनी पसरवलेल्या बुरशीने सत्तरच्या दशकात शहरातले एल्म पटापट गेले. त्यांच्या जागी ठिकठिकाणी अ‍ॅश लावले, तर २००९ मध्ये अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगेरा शहरात सापडला. एका आडगल्लीच्या तोंडाशी तोडलेला ओंडका पडला होता. साल सुटलेली, आत नागमोडी चऱ्याच चऱ्या, बारीक भुशाने भरलेल्या. बाबांनी एका चरीतून नख फिरवलं. "अळीचं काम. वरून कळत नाही."

बऱ्याच हिरवळींवर 'आमचा रस्ता वाचवा' अशा पाट्या. सायकलींसाठी वेगळा मार्ग करायची योजना नगर परिषदेने २०२३ मध्ये मंजूर केली. त्यात झाडांची मुळं जातील, असं विरोधकांचं म्हणणं. झाडांची काळजी खरी असेलही, पण सायकलवाल्यांनी मोटारींच्या कडेने जीव मुठीत धरून जायचं का?

मग गाडीनेच नदीपर्यंत गेलो. लेक्सिंग्टनच्या चौकापुढे रस्त्याच्या मधोमध गवताचा रुंद पट्टा आहे, त्यातही झाडं.

"सायकली ह्यातून न्या की," बाबा म्हणाले.

"मग ही झाडं जातील."

"बरं, कडेला गाड्या लावणं बंद करा."

मला पटलं. पण या पाट्या लावणाऱ्यांच्या दारात जाऊन हे सांगायला बाबांनाच पाठवावं लागेल.