मंथनाचा डाव बसवताना

नाशिक, रविवार रात्र

रूनक्वेस्ट या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळात हीरोक्वेस्ट, म्हणजे पात्रांनी देवांच्या कथेत शिरून ती जगणं, खेळवायचा तर कथा सगळ्या खेळाडूंना पाठ हवी. माहीत नसलेल्या कथेत शिरणं म्हणजे नुसती मोहीम. ग्लोरान्थात, म्हणजे या खेळाच्या जगात, ओर्लान्थ देवाने सूर्यसम्राट येल्मला मारलं, जग काळोखात बुडालं, मग सहा जणांना सोबत घेऊन तो पाताळात उतरला. ही वाट त्याच्या भक्तांना तोंडपाठ असते आणि देवयुगात शिरून ते तीच पुन्हा चालतात. पाठ असलेलं एक आणि समोर घडतंय दुसरं, अशी फट पडली की शोध सुरू होतो.

सिंहस्थाच्या गावात समुद्रमंथन कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तेच घ्यावं. टप्पे सहा: मंदराचल उपटणं, वासुकीची दोरी, खाली कूर्म, हलाहल, रत्नांची वाटणी, मोहिनीची पंगत. चार तासांच्या डावात टप्प्याला अर्धा तास, उरलेला तास आधीच्या पूजेला आणि नंतरच्या हिशेबाला. चौदाही रत्नं टेबलावर आणायचा मोह टाळावा. ऐरावत, लक्ष्मी, धन्वंतरी पुरे.

टप्प्याला एक कार्ड. कथेत काय झालं, समोर कोण आहे, काय द्यावं लागेल आणि चुकलं तर पुढे काय बदलेल. चौथी ओळ बहुतेक जण कोरी सोडतात, मग टप्पे एकमेकांना लागतच नाहीत.

वासुकीपाशी भागवताचा तपशील कामी येतो. देवांनी आधी तोंडाकडची बाजू धरली होती, शेपूट अशुभ म्हणून असुर अडून बसले आणि बाजू बदलल्या. खेळाडूंनी तोंड सोडलं नाही, तर सापाचे फूत्कार त्यांच्याच अंगावर. कॉन्स्टिट्यूशनच्या (पात्राच्या काटकपणाच्या आकड्याच्या) तिप्पट टक्क्यांवर फासा टाकायला लावावा. जो फसेल त्याचे हात हलाहलाच्या टप्प्याला थरथरतात.

रून (पात्रातली दैवी शक्ती) किंवा पॅशन (त्याची तीव्र भावना) यांवर आधी फासा टाकून पुढच्या फाशाला बळ घ्यायला मुभा असतेच, त्याच्या टक्क्यांत: साधं यश +२०, स्पेशल (त्याहून चांगलं) +३०, क्रिटिकल (सगळ्यात चांगलं) +५०; फसलं तर −२०, फंबल (अगदीच वाईट फासा) झाला तर −५०. मुभा मोकळी ठेवली की प्रत्येक फाशाआधी तेच चालतं. घरचा नियम करावा, एक रून एका मंथनात एकदाच.

कलाटणी एकाच टप्प्याला, फार तर दोन, आणि तीही तिसऱ्यापासून पुढे. त्याआधी खेळाडूंचा पायच रोवलेला नसतो. सगळंच उलटं केलं तर कथा उरत नाही, काहीच उलटं नसेल तर पोथीवाचन होतं. माझ्या मते सगळ्यात सकस जागा पंगतीची. सत्य आणि भ्रम या जोडरून, दोन्हींची बेरीज १००. सत्य ८० असलेल्याला सूर्याच्या जागी बसवावं आणि सूर्याने ओळखून दाखवलेल्या स्वर्भानूच्या (राहूच्या) जागी त्याचाच सोबती. बोट दाखवलं तर सोबत्याचं शिर जातं. गप्प राहिला तर असुर अमर होतो आणि त्याचं सत्य तिथल्या तिथे १० ने उतरतं, भ्रम तेवढाच चढतो. इथे फासा नको, फक्त निवड.

मागे राहिलेल्या गावाने पूजेत किती मॅजिक पॉइंट (जादूचं बळ) घातले ते आधीच लिहून ठेवावं, कारण फसलेल्या टप्प्याची भरपाई त्यातूनच कापायची. ते संपले की पाऊस, गुरं, बाळंतपणं यांपैकी एकावर संकट. पंगतीत कुणी गप्प राहिलाच, तर त्या टप्प्याचं कार्ड खोडून नवं लिहावं; पुढच्या पूजेत पुजारी तीच कथा सांगतो.