लंडनमध्ये चार दिवस: सत्तरीतल्या आई-बाबांसोबत

मे २०२५ मध्ये आई, बाबा आणि मी असे तिघे पुण्याहून लंडनला जाऊन आलो. हाताशी पूर्ण दिवस चारच होते. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात आणि बाबांना प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचल्याखेरीज पुढे सरकवत नाही, त्यामुळे पर्यटन कंपन्यांच्या पत्रकात असते तसे दिवसाला सात ठिकाणांचे वेळापत्रक आम्हाला झेपणारे नव्हते. शेवटी एकच नियम ठरवला की, वेळेचे तिकीट काढावे लागणारे ठिकाण दिवसाला एकच ठेवायचे आणि उरलेला दिवस त्याच परिसरात घालवायचा. हा नियम आमच्या फार उपयोगी पडला, म्हणून वयस्क माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत जरा तपशिलाने लिहीत आहे.

आधी व्हिसाविषयी. ब्रिटन शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे ‘लंडनला जातोच आहोत तर दोन दिवस पॅरिसही करू’ असा विचार असेल, तर दोन स्वतंत्र व्हिसा, दोन अर्ज आणि दोन शुल्के हे गृहीत धरावे. पर्यटक व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरून बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते, आणि त्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत गर्दी असते, त्यामुळे निदान दोन महिने आधी सुरुवात केलेली बरी. सामान भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मांस आणि दूध यांपासून केलेले पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच ठेवावी. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्यावी, कारण संध्याकाळी दमून खोलीवर परतल्यावर त्यांच्याइतका आधार दुसऱ्या कशाचाच वाटत नाही.

राहण्याच्या बाबतीत आमची चूक झाली. पॅडिंग्टन भागात जुन्या उंच घरांची हॉटेले केलेली आहेत, त्यांपैकी एक ठिकाण छायाचित्रे पाहून पसंत केले आणि लिफ्ट आहे का, हे विचारायचे राहून गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली आणि जिना इतका अरुंद होता की बॅग पुढे धरून आडवे चढावे लागत होते. पहिल्या रात्री आई प्रत्येक वळणावर थांबून पायऱ्या मोजत होती आणि त्या बावन्न भरल्या. दुसऱ्या दिवशी विनंती केल्यावर तळमजल्यावरची खोली मिळाली, पण हा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच विचारायला हवा होता.

हाच प्रश्न भुयारी रेल्वेलाही, म्हणजे तिथल्या भाषेत ट्यूबलाही, लागू पडतो. तिच्या २७२ स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश ठिकाणीच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येते. कॉव्हेंट गार्डन स्थानकातली १९३ पायऱ्यांची गोल चढण तर धडधाकट माणसालाही दमवते, तिथे लिफ्टचीच वाट पाहावी. पायऱ्या टाळता येणाऱ्या स्थानकांचा वेगळा नकाशा मिळतो, तो फोनमध्ये उतरवून ठेवावा. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ मार्गिका या दृष्टीने उत्तम आहे. हीथ्रो विमानतळाहून पॅडिंग्टनला ती अर्ध्या तासात पोहोचवते आणि दोन्हीकडे लिफ्ट आहेत. विमानतळाहून शहरात येणाऱ्या ट्यूबच्या पिकॅडिली मार्गिकेपेक्षा तिचे भाडे जास्त आहे, परंतु मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसे बरोबर असताना ते पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

भाड्यासाठी वेगळे कार्ड घेण्याची गरज नाही. भारतातले काँटॅक्टलेस कार्ड चालते, मात्र निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील व्यवहार आणि काँटॅक्टलेस या दोन्ही सोयी चालू कराव्यात. प्रत्येकाचे कार्ड स्वतंत्र हवे, आणि ट्यूबमध्ये शिरताना जे कार्ड टेकवले तेच बाहेर पडताना टेकवायला हवे. बाबांनी पाकिटात दोन कार्डे ठेवली होती. आत जाताना एक लागले, बाहेर पडताना दुसरे, आणि यंत्राने दोन अर्धवट प्रवास समजून दोन्हींवर सर्वाधिक भाडे लावले. एकच कार्ड दिवसभर वापरले, तर ठरावीक रकमेनंतर त्या दिवसाचे भाडे वाढत नाही, हा फायदाही त्यात गेला. बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचे असते आणि रोख रक्कम २०१४ पासून घेतलीच जात नाही.

आम्ही ट्यूब कमी आणि बस जास्त वापरली. टॉवर ऑफ लंडनहून सेंट पॉल कॅथेड्रलवरून ट्रॅफल्गर चौकाकडे येणारी १५ क्रमांकाची बस हीच आमची शहरदर्शनाची गाडी ठरली. बाबा वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी, आई खाली ज्येष्ठांच्या आसनावर, आणि मी दोघांमध्ये निरोप पोहोचवत जिन्यावर.

टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याचे तिकीट महाग आहे आणि त्याला जवळजवळ अख्खा दिवस द्यावा लागतो, पण ते टाळू नये. दरवाजे उघडताच आत जाऊन आधी राजरत्ने पाहावीत, कारण अकरानंतर तिथली रांग अंगणभर पसरते. कोहिनूर राजमाता एलिझाबेथ यांच्यासाठी १९३७ मध्ये घडवलेल्या मुकुटात आहे. मुख्य मुकुटांसमोर सरकता पट्टा असल्याने थांबता येत नाही आणि छायाचित्राला बंदी आहे. आम्ही दोनदा फेरी मारली, कोणी हरकत घेतली नाही. बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल मात्र मी वगळला. तो साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारीच असतो आणि कुंपणाशी जागा मिळवायला तासभर उभे राहावे लागते. त्याऐवजी व्हाइटहॉल रस्त्यावरील हॉर्स गार्ड्स येथे घोडेस्वारांचा पहारा रोज अकराला, रविवारी दहाला बदलतो, आणि तो निवांतपणे जवळून पाहता येतो. वेस्टमिन्स्टर ॲबी हे प्रसिद्ध चर्च रविवारी केवळ प्रार्थनेसाठी खुले असते, हेही बेत आखताना लक्षात घ्यावे.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या तिन्हींना प्रवेशशुल्क नाही. पैसे भरलेले नसल्यामुळे ते वसूल करण्याचीही सक्ती नाही, तासाभरात दोन दालने पाहून बाहेर पडले तरी हळहळ वाटत नाही. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. संध्याकाळी सहानंतर आम्ही गेलो, तेव्हा रोझेटा शिलेभोवती मोजकीच माणसे होती आणि अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पांच्या दालनात तर आम्ही तिघेच होतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये बाबांना वाघनखे पाहायची होती. ती जुलै २०२४ पासून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली असून त्यांचे पहिले प्रदर्शन साताऱ्यातच भरले, हे मला तिथे पोहोचल्यावर आठवले. घरापासून तीन तासांच्या अंतरावर जी वस्तू आली, ती शोधायला आम्ही दहा तास विमानात बसलो होतो. बाबा काही बोलले नाहीत, परंतु त्यानंतर प्रत्येक संग्रहालयात शिरण्यापूर्वी ‘वस्तू जागेवर आहे ना?’ असे ते विचारू लागले.

रविवारची सकाळ मराठी माणसाने दोन घरांसाठी राखून ठेवावी. चॉक फार्म स्थानकापासून चालत गेल्यास १०, किंग हेन्रीज रोड लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचे काम करत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेऊन स्मारक केले. आतल्या खोल्या लहान आणि शांत आहेत. जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ तपासून घ्यावी. तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे, चढ सौम्य आहे आणि माथ्यावरच्या बाकांवरून सगळे शहर दिसते. दुसरे घर १०, हाउली प्लेस. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी आलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये येथे राहिले होते. वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकाजवळ कालव्याच्या काठी हा भाग आहे. हे खासगी निवासस्थान आहे, त्यामुळे भिंतीवरची निळी गोल पाटी पदपथावरूनच पाहावी आणि घंटी वाजवू नये. दुपारी युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर डोसा आणि भेळ मिळते, शाकाहारींची तिथे उत्तम सोय होते.

शेवटच्या दिवशी नदीतल्या बोटीने ग्रीनिचला गेलो. टेकडीवरच्या वेधशाळेपर्यंतची चढण आईने बाकाबाकावर बसत पार केली. बाबांचे मनगटी घड्याळ सगळा प्रवासभर भारतीय वेळेवरच होते. शून्य रेखांशावर उभे राहून त्यांनी ते माझ्या फोनशी ताडून पाहिले आणि फरक साडेपाच तासांचा हवा, साडेचारचाच कसा भरतो, असे विचारले. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळे तासभर पुढे असतात. हा खुलासा मान्य करून त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवले, पण वेळ काही बदलली नाही. घरी फोन करताना आणि परतीच्या विमानाची वेळ पाहताना हा एक तास विसरू नये.