सूचीतला अनोळखी डॉक्टर

चिनी राज्यक्रांतीवरच्या एका अनुवादित पुस्तकाची नामसूची गेल्या महिन्यात तपासायला आली. नामसूची नेहमीच शेवटी येते. पानं लागलेली असतात, छपाईची तारीख ठरलेली असते आणि प्रकाशकाला हे काम दोन तासांचं वाटतं. माझा आख्खा दिवस गेला आणि त्यातली एक नोंद अजून डोक्यातून जात नाही.

पहिल्या नजरेत दिसलं ते असं. 'च'खाली 'चू तेह', 'झ'खाली 'झू दे' आणि 'द'खाली 'दे, झू'. तिन्ही नोंदींना वेगवेगळे पृष्ठांक. माणूस मात्र एकच: १ ऑगस्ट १९२७ च्या नानचांग उठावातला, एप्रिल १९२८ मध्ये माओंच्या तुकडीला येऊन मिळालेला, १९३७ पासून कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीचा सरसेनापती आणि १९५५ च्या दहा मार्शलांमधला पहिला. ज्या प्रकरणांचा आधार जुनी इंग्रजी पुस्तकं होती तिथे चिनी नावं रोमन लिपीत लिहिण्याच्या जुन्या वेड-जाइल्स पद्धतीचं स्पेलिंग आलं, नव्या पुस्तकांतून पिनयिन या आजच्या पद्धतीचं. पिनयिन चीनने १९५८ मध्ये स्वीकारलं, परदेशासाठीच्या मजकुरात ते १९७९ पासून रुळलं. त्यामुळे मूळ पुस्तक कोणत्या साली छापलंय हे पाहिलं तरी स्पेलिंगचा अंदाज येतो. तिसरी नोंद सॉफ्टवेअरची करामत. आडनाव पुढे आणायचं म्हणून त्याने सगळीच नावं उलटी केली होती. चिनी आडनाव आधीच पुढे असतं. 'एन-लाय, चौ' ही नोंदही अशीच उलटलेली.

कोणीतरी हे आधी दुरुस्त करायला गेलं होतं. 'चू' शोधून सगळीकडे 'झू' टाकायला सांगितलं होतं, त्यामुळे तीन पानांवर 'चूक' हा शब्द 'झूक' झालेला सापडला. एका ठिकाणी 'चूल'सुद्धा. नाव बदलायचं तर आडनाव आणि नाव मिळून शोधावं, मधली जागा धरून, आणि प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी पाहून मगच बदलावं. 'ये' या आडनावाला तेवढंही पुरत नाही, कारण येथे, येऊन, येणार सगळं हाती लागतं. या मजकुरात नुसतं 'ये' लिहून सोडलेल्या वाक्यांमुळे १९४६ च्या विमान अपघातात गेलेले ये तिंग १९५५ मध्ये मार्शल झाले होते. मार्शल झाले ते ये च्येनयिंग.

याच्या उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. 'चेन यी' ही एकच नोंद होती, सात पृष्ठांकांची. त्यांतले पाच कम्युनिस्टांच्या न्यू फोर्थ आर्मीचे सेनापती, शांघायचे महापौर आणि १९५८ पासून परराष्ट्रमंत्री असलेल्या चेन यींचे. उरलेले दोन तैवानच्या क्वोमिंतांग (कम्युनिस्टांचा विरोधी राष्ट्रवादी पक्ष) गव्हर्नरचे, ज्याला जून १९५० मध्ये तैपेईत गोळ्या घातल्या गेल्या. रोमन स्पेलिंग दोघांचं सारखंच, जुन्या पद्धतीतही आणि नव्यातही. फरक आहे तो उच्चाराच्या सुरात आणि चिनी अक्षरात. एकाच्या नावातल्या 'यी'चा अर्थ निर्धार, दुसऱ्याच्या 'यी'चा अर्थ विधी, रीतिरिवाज. मूळ चिनी अक्षरं समोर नसतील तर हे दोघं वेगळे करता येत नाहीत. अनुवादकांनी प्रत्येक नाव पहिल्यांदा येईल तिथे समासात ती अक्षरं टिपून ठेवली तर सूचीचं निम्मं काम तिथेच संपतं. मी हे दर वेळी कळवते. फार थोडे करतात.

आता लेखनाचं. पिनयिनमधले बी, डी, जी पाहून आपण ब, ड, ग लिहितो. चिनीत ते उच्चार प, त, क असे आहेत, आणि पी, टी, के हे फ, थ, ख. वेड-जाइल्समध्ये हा फरक अपॉस्ट्रॉफीने दाखवत. वर्तमानपत्रांनी तो गाळला आणि घोटाळा झाला. देवनागरीला या चिन्हाची गरजच नाही, त आणि थ आपल्याकडे वेगळेच आहेत. त्यातून मराठीत 'चोर'मधला च आहे, तो पिनयिनच्या झेडला चपखल बसतो. म्हणजे माओंच्या नावातल्या 'झेडॉंग'पेक्षा आपलं जुनं 'त्से-तुंग' मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे, 'लिन बियाओ'पेक्षा 'लिन पियाओ' जवळ. नवं ते शुद्ध असं समजून आपण अचूक गोष्ट टाकून दिली. प्रांतांचंही तेच. कम्युनिस्टांची राजधानी येनान शेन्सीत, जपान्यांशी लढणाऱ्या चू तेह यांचा तळ शेजारच्या शान्सीत. जुन्या मराठीत हे दोन शब्द होते. या पुस्तकात दोन्ही 'शान्सी' झाले होते आणि मुख्यालय राजधानीला जाऊन चिकटलं होतं.

दुपारी 'क'ची पानं घेतली. तिथे होते 'के दीहुआ, चिनी शल्यचिकित्सक'. जपान्यांशी लढणारे कम्युनिस्ट सेनापती न्ये रुंगचेन यांच्या तळप्रदेशातल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख, मृत्यू ९ डिसेंबर १९४२. ती तारीख पाहिली आणि हात थांबला. तीच तारीख दोन नोंदी खाली होती, 'कोटणीस, द्वारकानाथ' या नावापुढे.

नोव्हेंबर १९३७ मध्ये चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. त्यांत सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी चीन या अर्थाचं 'ह्वा' हे अक्षर घेतलं. कोटणिसांचं 'के दीहुआ', खऱ्या उच्चाराने जवळपास 'ख तीह्वा', असं नाव झालं. या प्रकरणाचा मूळ संदर्भ चिनी होता आणि अनुवादकाने नाव जसंच्या तसं उतरवलं. मराठी पुस्तकात सोलापूरचा माणूस चिनी डॉक्टर म्हणून आला, आणि तीन वाचनांत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या आधीच्या वाचनातही नाही.

नाव कोणतं पुढे ठेवायचं यावर दोन फोन झाले. चिनी वाचकाला ते के दीहुआच आहेत, तिथे पुतळ्यावरही तेच नाव. पण मजकुरात कोटणीस ठेवून पहिल्या उल्लेखात चिनी नाव जोडलं. चू तेह, माओ त्से-तुंग, चौ एन-लाय ही जुनी रूपं ठेवली. कमी परिचित नावांना पिनयिनवरून उच्चाराप्रमाणे लिहिलं. ही सरमिसळ आहे. मला ती अजून खटकते, आणि सगळंच एका पद्धतीने लिहिलं असतं तर वाचक माओंनाही ओळखू शकले नसते, हेही दिसतं.

सूचीत आता 'क'खाली असं छापलंय: के दीहुआ – पाहा: कोटणीस, द्वारकानाथ.